पॅनोरमात खांब तुटतो, भिंत वाकते, आभाळाला पट्टे पडतात: कुठे चुकतं आणि काय करायचं

एकाच तक्रारीचे फोटो मला वर्षभर येत असतात. कुणी लोणारच्या काठावर उभं राहून सरोवर टिपलेलं असतं, कुणी नरनाळा किल्ल्याचा महाकाली दरवाजा, कुणी आपल्याच गावातली पडकी गढी. पाच-सहा फोटो काढून ते जोडलेले असतात आणि जोडावर काहीतरी बिनसलेलं असतं. खांबाचे दोन तुकडे होऊन बोटभर सरकलेले असतात, सरळ भिंत धनुष्यासारखी वाकलेली असते, आभाळात गडद-फिके उभे पट्टे आलेले असतात. खाली प्रश्न ठरलेला: ‘सर, दुसरं कोणतं सॉफ्टवेअर वापरू?’

सॉफ्टवेअर बदलू नका. मी तीन बदलून पाहिली, जोड त्याच जागी फाटला. बिघाड बहुतेक वेळा फोटो काढतानाच झालेला असतो आणि तो तिथेच, उभं राहण्याच्या जागेवर दुरुस्त होतो. संगणकावर बसून जेवढं सावरता येतं तेही शेवटी सांगतो, कारण कधीकधी परत जायला जागाच उरत नाही.

आधी दुखणं ओळखा. जोडलेला फोटो पूर्ण मोठा करून डावीकडून उजवीकडे सावकाश पाहत जा. लांबचं सगळं नीट जुळलंय आणि जवळच्याच वस्तू तुटल्यात, तर वळताना तुमचं भिंग जागचं हललं. जवळचं-लांबचं दोन्ही गचाळ जुळलंय, एक खांब गायब किंवा एक जास्तीचा, तर प्रोग्रामने चुकीच्या खुणा एकमेकींना जोडल्या. काहीच तुटलं नाही पण सरळ रेषा वाकल्या, तर फोटो काढण्यात खोट नाही, तो सपाट कागदावर पसरण्याची पद्धत चुकली. आणि रेषा सरळ, जोडही घट्ट, पण उजेडाचे ठिगळ दिसतात, तर कॅमेऱ्याला ऑटोवर सोडलं होतं. या चौघांत पहिलं दुखणं सगळ्यात जास्त छळतं, म्हणून त्याच्यावर जास्त वेळ घालवतो.

जवळचा खांब तुटतो, लांबचं जुळतं

आमच्या गावात एक जुना वाडा होता. धाब्याचा, दोन चौकांचा, सागवानी खांबांचा. ओसरीतल्या तिसऱ्या खांबाच्या हस्तावर, म्हणजे तुळईला टेकू देणाऱ्या वरच्या लाकडावर, पोपटांची जोडी कोरलेली होती. चोचीत चोच, आणि पंखाची एकेक रेघ वेगळी मोजता येईल इतकी स्वच्छ. वाड्याचे वारस बाहेरगावी, छपराची माती दर पावसाळ्यात खचत चाललेली. म्हणून मी ठरवलं की पूर्ण ओसरी एका फोटोत घेऊन ठेवायची. एप्रिलच्या एका सकाळी चौकात उभा राहून सहा फोटो काढले. घरी येऊन जोडले तर मागची चुन्याची भिंत, खुंट्या, दिवळी, सगळं जिथल्या तिथे. पोपटांचा खांब मात्र मधोमध चिरलेला. एका पोपटाचं डोकं एका फोटोतलं, धड दुसऱ्यातलं, आणि मध्ये दोन बोटांची पायरी.

असं का होतं ते एस.टी.त बसलेल्या प्रत्येकाने पाहिलेलं आहे. खिडकीतून धुऱ्यावरच्या बाभळी सपासप मागे पळतात आणि लांबचा डोंगर जागचा हलत नाही. बघणारा सरकला की जवळचं जास्त सरकतं, लांबचं कमी. पॅनोरमा काढताना आपल्याला वाटतं आपण एका जागी उभे राहून फक्त वळतोय. पण आपण वळतो अंगासकट. वळण्याचा आस पाठीच्या कण्यातून जातो आणि भिंग त्याच्या बरंच पुढे असतं. म्हणजे प्रत्येक फोटोला भिंग थोडं बाजूला गेलेलं असतं, आणि मागच्या भिंतीसमोरचा खांब प्रत्येक फोटोत वेगळ्या ठिकाणी दिसतो. दोन्ही फोटो आपापल्या जागी खरेच आहेत. ते एकमेकांत बसणार कसे?

आकडे मांडले की गोष्ट पक्की बसते. 24 मेगापिक्सेलचा साधा डीएसएलआर, झूम 18 मिलिमीटरवर, तिपाईवर लावलेला. तिपाईचा स्क्रू कॅमेऱ्याच्या बुडाला असतो, आणि भिंगातला जो बिंदू खऱ्या अर्थाने ‘बघतो’ तो त्याच्या 10 सेंटिमीटर पुढे आहे असं धरू. दोन फोटोंच्या मध्ये 30 अंश वळलात की तो बिंदू 5 सेंटिमीटर सरकतो. खांब दीड मीटरवर आणि मागची भिंत 8 मीटरवर असेल, तर खांब भिंतीच्या मानाने सव्वाशे पिक्सेलच्या आसपास इकडेतिकडे होतो. ही झाली तिपाईची गोष्ट. हातात कॅमेरा धरून अंगासकट वळलात तर सरकणं सहज 20 सेंटिमीटरवर जातं.

आता तोच हिशेब लोणारच्या काठावर करा. विवराचा व्यास सुमारे 1.8 किलोमीटर. हातात कॅमेरा धरून वळलात, भिंग 20 सेंटिमीटर सरकलं, आणि चौकटीतली सगळ्यात जवळची वस्तू 200 मीटरवर असली, तर फरक चार-पाच पिक्सेलचा. तेवढा प्रोग्राम सहज जिरवतो. पण 20 मीटरवरचं एखादं झुडूप चौकटीत आलं की तोच फरक पंचेचाळीसवर जातो आणि झुडपाच्या फांद्या दुहेरी दिसतात. म्हणून लोणारला कित्येकांचा फोटो हातानेही झकास येतो, आणि त्याच माणसाचा, त्याच दिवशीचा, दैत्यसूदन मंदिराच्या मंडपातला फोटो फाटतो. माणूस तोच, हातही तोच. फक्त खांब जवळ आले.

याच्यावरचा उपाय मला त्या वाड्यातच मिळाला. पुढच्या आठवड्यात मी परत गेलो तेव्हा शेजारच्या घरी भिंतीचं काम चालू होतं. तिथले मिस्त्रीकाका विडी ओढायला ओसरीत आले आणि बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले.

‘सर, सकायपासून एकाच जागी गोल गोल फिरून रायले. काय हरवलं?’

मी अडचण सांगितली. भिंग जागचं हलायला नको, पण हवेत धरलेल्या वस्तूची जागा कळावी कशी? काकांनी काही न बोलता पिशवीतून ओळंबा काढला.

‘हा घ्या ओयंबा. भिंत सरकली का नाई ते मले हाच सांगते. तुमची काच सरकली का नाई, तेही सांगन.’

पितळी भोपळी, पांढरा दोरा. तेव्हापासून माझ्या पिशवीत एक कायम असतो. करायचं ते असं. समोरून भिंगात डोकावलं की आत एक काळं वर्तुळ दिसतं, छिद्रासारखं. ते बाहेरून जेवढ्या खोलीवर असल्यासारखं वाटतं, तोच बघणारा बिंदू. फोटोवाले त्याला नोडल पॉइंट म्हणतात. खरं नाव एंट्रन्स प्यूपिल. त्या खोलीच्या सरळ वर भिंगाच्या नळीवर रबरबँड चढवा आणि त्यात दोरा अडकवा. 18 मिलिमीटरच्या साध्या भिंगात तो बहुधा नळीच्या पुढच्या अंगाला येतो. दोऱ्याची लांबी अशी ठेवा की कॅमेरा डोळ्यासमोर धरल्यावर भोपळी जमिनीच्या बोटभर वर लोंबेल. खाली एक खडा ठेवा. मग प्रत्येक फोटोच्या आधी भोपळी खड्यावर आणा, थांबू द्या, आणि बटण दाबा. वळताना पाय खड्याभोवती फिरवायचे. सुरुवातीला हे उलटं वाटतं, कारण सवय असते कॅमेरा अंगाभोवती फिरवायची. आता अंग कॅमेऱ्याभोवती फिरवायचं आहे. दोन-तीन वेळा अंगणात सराव केला की पाय आपोआप पडतात.

हवेत दोरा हेलकावतो, हे खरं. उघड्या रानात तो त्रास होतो. पण उघड्या रानात जवळचं काही नसतं, तिथे ओळंबा लागतच नाही. मंडप, ओसरी, बारव, दरवाज्याची देवडी अशा जिथे तो लागतो, तिथे हवा कमी असते. शिवाय केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत तिपाई लावायची तर आधी परवानगी काढावी लागते. कॅमेऱ्याला दोरा बांधल्याने काम निभावलं, तर तो प्रश्नच येत नाही.

तिपाई वापरणार असाल तर कॅमेऱ्याखाली मागेपुढे सरकणारी पट्टी घ्या आणि बिंदू एकदाच शोधून ठेवा. कॅमेऱ्यापासून मीटरभरावर एक दोरी टांगा, तिच्या मागे लांबवर विजेचा खांब येईल असं उभं राहा. कॅमेरा असा वळवा की दोन्ही चौकटीच्या एका कडेला दिसतील, मग दुसऱ्या कडेला. उजवीकडे वळवल्यावर दोरी खांबाच्या डावीकडे सरकली, तर भिंग आसाच्या पुढे आहे. कॅमेरा पट्टीवर मागे घ्या. उजवीकडे सरकली तर पुढे न्या. सरकणं थांबलं की पट्टीवर कायमची खूण करा. झूम भिंगात हा बिंदू झूमबरोबर बदलतो. म्हणून एकच आकडा ठरवा आणि नळीला चिकटपट्टी लावून टाका. मी 18 सोडून दुसरीकडे जातच नाही.

मोबाइलवाल्यांसाठी दोन शब्द जास्त. फोनमधला पॅनोरमा मोड हात फिरवत असताना चिंचोळ्या पट्ट्या घेऊन जागच्या जागी जोडत जातो. लांबच्या डोंगराला तो चालतो, जवळच्या खांबांना नाही. खांब असतील तिथे साधे सुटे फोटो काढा, फोन उभा धरून, आणि नंतर जोडा. फोनचं भिंग इतकं छोटं असतं की बघणारा बिंदू जवळजवळ काचेवरच असतो. पण ते फोनच्या कोपऱ्यात असतं, मध्यभागी नाही. त्यामुळे दोरा कोपऱ्यात, भिंगाच्या रेषेत यायला हवा. आणि 1x वरच राहा. फोन अंधारात किंवा जवळच्या वस्तूला न विचारता दुसरं भिंग लावतो, आणि एक फोटो वेगळ्या भिंगाचा आला की पूर्ण माळ बिघडते.

किती फोटो? 18 मिलिमीटरवर कॅमेरा उभा धरला तर एका फोटोत साधारण 47 अंश मावतात. 30 अंशाला एक फोटो घेतला की शेजारच्यावर तिसऱ्या हिश्शाहून थोडा जास्त चढतो. एवढं पुरतं. त्याहून कमी चढवून फोटो वाचवण्यात अर्थ नाही.

चुकीचे खांब एकमेकांना जुळतात

यवतमाळ जिल्ह्यात शिबला-पार्डीला बसाल्टचे नैसर्गिक खांब आहेत. लाव्हा थंड होताना आकसतो, त्याला भेगा पडतात, त्या भेगा खोल उतरत जातात आणि पाच-सहा कोनांचे खांब सुटे होतात. उन्हात त्यांच्या कडा इतक्या रेखीव दिसतात की कुणी टाकीने घडवल्या असाव्यात. पण इथे प्रोग्रामची फसगत होते. तो दोन फोटोंत सारखे दिसणारे ठिपके शोधतो आणि त्यांची जोडी लावतो. इथे प्रत्येक खांब शेजारच्यासारखा. तो पाचव्याची जोडी सहाव्याशी लावतो आणि एक खांब गिळून टाकतो. मंदिराच्या मंडपातल्या एकसारख्या खांबांचं, वाड्याच्या कमानींचं, शेतातल्या पऱ्हाटीच्या ओळींचंही असंच होतं.

फोटो जोडायला मी ह्यूगिन हे सॉफ्टवेअर वापरतो, ते फुकट आहे आणि जुन्या संगणकावरही चालतं. त्यात जोडलेल्या खुणांची यादी उघडते आणि प्रत्येक जोडीची चूक किती पिक्सेलची आहे ते दिसतं. चूक उतरत्या क्रमाने लावा. वरच्या पाच-दहा जोड्या एकेक उघडून डोळ्याने पाहा. चुकीच्या लगेच ओळखू येतात. त्या काढा, पुन्हा गणित करायला सांगा. नुसता आकडा खाली आणायचा म्हणून सरसकट पुसत सुटू नका. जवळच्या खांबावरच्याच खुणा मोठी चूक दाखवत असतील तर जोड्या बरोबर आहेत, भिंग सरकलेलं आहे. ते दुखणं वरचं. सरासरी दोन-तीन पिक्सेलच्या आत आली की मी थांबतो.

अशा जागी फोटो चाळीस टक्के तरी एकमेकांवर चढवा आणि क्रम मोडू नका. मग शेजारच्या-शेजारच्या फोटोंतच जोड्या लावायला सांगता येतं, पहिल्याची गाठ पाचव्याशी पडत नाही. त्यानेही भागलं नाही तर जोड्या हाताने लावा. तुटलेला कोपरा, शेवाळाचा डाग, दगडातली पांढरी गार. प्रत्येक जोडाला सहा-सात खुणा पुरतात. गवताच्या पात्यावर आणि पाण्यावर खूण ठेवू नका, ती पुढच्या फोटोपर्यंत हललेली असते.

इथेच आणखी एक गैरसमज सांगून टाकतो. अचलपूरचा हौज कटोरा, पाण्याच्या हौदात उभी असलेली ती अष्टकोनी इमारत, तिच्याभोवती चालत चालत काढलेले फोटो मला जोडून मागितले जातात. ते जुळणार नाहीत. पॅनोरमा म्हणजे एका जागी उभं राहून चौफेर बघणं. वस्तूभोवती फिरून बघणं हे वेगळं काम, त्याची आयुधं वेगळी.

भिंत वाकते

नरनाळ्याचा महाकाली दरवाजा 1487 चा. कमानीवर कोरीव लेख, दोन्ही अंगांना जाळीदार सज्जे. हे सगळं एका चौकटीत यावं म्हणून लोक जवळ उभे राहून डावीकडून उजवीकडे फोटो घेतात, आणि जोडल्यावर दरवाजा मध्ये फुगलेला, दोन्हीकडे उतरत गेलेला दिसतो. इथे तुमची चूक काही नाही. भिंतीचा मधला भाग तुमच्या जवळ होता, कडा लांब होत्या. चौफेर पाहिलेलं दृश्य हे गोल असतं, आणि गोल वस्तू सपाट करायची तर कुठेतरी ओढाताण होणारच. गव्हाच्या कणकेचा गोळा लाटल्याशिवाय पोळी होत नाही. फक्त कुठे किती दाबायचं हे आपल्या हातात असतं.

ह्यूगिनमध्ये ही निवड प्रोजेक्शन या नावाखाली असते. सिलिंड्रिकलमध्ये उभ्या रेषा सरळ राहतात, क्षितिज सरळ राहतं, बाकी आडव्या रेषा वाकतात. रेक्टिलिनियरमध्ये सगळ्या सरळ रेषा सरळ राहतात, पण शंभर अंशांच्या पुढे कडा भयंकर ताणल्या जातात. समोरून घेतलेल्या दरवाज्याला, भिंतीला रेक्टिलिनियरच लावा आणि शक्य तेवढं मागे सरून उभं राहा, म्हणजे शंभर अंशांच्या आत काम आटोपतं. मागे जायला जागा नसेल, ओसरी किंवा मंडप आतून घ्यायचा असेल, तर पानीनी लावून पाहा. त्यात उभे खांब सरळ राहतात, समोर खोल जाणाऱ्या रेषाही सरळ राहतात आणि कडा फार ताणल्या जात नाहीत. मंडपांसाठी मला तीच सगळ्यात प्रामाणिक वाटते.

लोणारला मात्र सिलिंड्रिकलशिवाय पर्याय नाही. गोलाच्या काठावर उभं राहिलात की पूर्ण गोल तुमच्या समोरच्या 180 अंशांत येतो. एवढं रेक्टिलिनियरमध्ये मांडताच येत नाही. त्यामुळे विवर वाटीसारखं न दिसता लांबट परातीसारखं दिसतं आणि लोक नाराज होतात. वाटी दाखवायची असेल तर शंभर अंशांपुरतंच घ्या, पण दोन ओळींत: एक ओळ कडांची, एक ओळ खाली पाण्याकडे झुकवून. खोली त्या खालच्या ओळीत आहे.

क्षितिज सापासारखं वळवळतं

हे कॅमेरा खाली किंवा वर झुकवून ठेवल्याने होतं. ह्यूगिनच्या झटपट दृश्यात सरळ करण्याचं बटण आहे, बऱ्याचदा तेवढ्याने भागतं. नाही भागलं तर प्रोग्रामला सांगावं लागतं की खरी उभी रेषा कोणती. आणि इथे लोणारला हमखास एक चूक होते. पाण्याची कड आडवी असणारच असं धरून लोक समोरच्या किनाऱ्यावर आडवी रेषा देतात. पाणी समतल असतं हे खरं, पण तुम्ही त्याच्या शंभराहून जास्त मीटर वर उभे आहात. लांबची कड तुम्हाला वर दिसते, जवळची खाली. म्हणजे किनारा समोर उंच आणि दोन्ही बाजूंना उतरता दिसतो, आणि तसाच दिसायला हवा. त्याला जबरदस्तीने आडवं केलं की पूर्ण विवर एका कुशीवर कलतं.

म्हणून उभी रेषा वापरा. जुन्या इमारतीत भिंतीच्या कोपऱ्यावर भरवसा ठेवू नका, तो झुकलेला असू शकतो, आणि तो झुकलाय हेच तर आपल्याला फोटोत दिसायला हवं. मी दोऱ्याला भोपळी बांधून एखाद्या खुंटीला टांगतो आणि तेवढी चौकट दोनदा घेतो, एकदा दोऱ्यासकट, एकदा दोऱ्याशिवाय. पहिलीवरून उभी रेषा द्यायची, दुसरी जोडात वापरायची. गढीची भिंत किती कलली आहे हे मग फोटोवरूनच मोजता येतं.

आभाळाला पट्टे

याचं औषध छोटं आहे. उजेड, रंग आणि फोकस तिन्ही ऑटोवरून काढा. सगळ्यात उजळ भागाकडे कॅमेरा करून उजेड ठरवा, आभाळ जळत नाही ना ते पाहा, आणि त्याच आकड्यांवर पूर्ण माळ काढा. फोनमध्ये प्रो मोड असेल तर तो वापरा. नसेल तर पडद्यावर बोट दाबून धरून फोकस-उजेड कुलूपबंद करा आणि एचडीआर बंद करा, कारण तो प्रत्येक फोटोला वेगळा मेकअप करतो. भिंगावर पोलरायझर फिल्टर असेल तर काढून ठेवा. सूर्यापासून काटकोनात येणारं आभाळ तो जास्त गडद करतो, बाकीचं कमी. एका फोटोत ते सुंदर दिसतं. 180 अंशांत आभाळाला मधोमध निळा डाग पडतो.

ऊन, वारा, गुरं

मे महिन्यात दहानंतर जमीन तापली की हवा थरथरते. लोणारच्या काठावरून समोरची कड झूम करून घेतली तर प्रत्येक फोटोत तिचा आकार वेगळा येतो, आणि मग कितीही खुणा लावा, जुळत नाही. तेव्हा उजाडता उजाडता काम उरकायचं. तापलेला फोन कॅमेरा बंद करतो हेही त्याच दिवसांतलं. माझ्या मते आमच्याकडे या कामाला ऑक्टोबर सगळ्यात चांगला. पावसाने हवा धुतलेली असते, तुरी हिरव्या असतात, ऊन मवाळ. थंडीत सकाळी विवरात धुकं साचतं. ते मोहक असतं, पण ते सरकत असतं. तेव्हा माळ झपाट्याने काढायची.

चौकटीत गुरं, माणसं, हलणारी फांदी असेल तर तो भाग आधी घ्या आणि तोच दोन-तीनदा घ्या. त्यातली एखादी तरी चौकट कामाची निघते.

फोटो काढून झाले, जागा आता नाही

वाड्याकडे परत येतो. मिस्त्रीकाकांचा ओळंबा हातात आला त्या दिवशी मी बाहेरचा चौक घेतला, आतली ओसरी नंतर घेऊ म्हटलं. जुलैत झड लागली आणि ओसरीवरचं धाबं बसलं. तिसरा खांब खाली दबला, आणि ढिगारा उपसला तेव्हा हस्ताचं लाकूड भुग्यासारखं निघालं. माझ्याकडे राहिले ते एप्रिलचे सहा फाटके फोटो.

अशा फोटोंसाठी ह्यूगिनमध्ये मास्क आहे, आणि तो वापरायची रीत एवढीच: जी वस्तू तुटायला नको ती पूर्ण एकाच फोटोतून घ्यायची, आणि जोड अशा जागी ढकलायचा जिथे तो डोळ्याला कळणार नाही. आधी जवळच्या खांबांवरच्या सगळ्या खुणा काढल्या, फक्त मागच्या भिंतीवरच्या ठेवल्या, आणि भिंत नीट बसवली. मग सहा फोटोंत पोपटांचा खांब बुडापासून तुळईपर्यंत अखंड कुठल्या फोटोत आहे ते शोधलं, चौथ्यात होता. चौथ्यात खांबाभोवती ‘हा भाग घ्या’ असा मास्क काढला, तिसऱ्यात आणि पाचव्यात त्याच खांबावर ‘हा भाग वगळा’ असा. मास्क खांबाच्या कडेला चिकटून काढला नाही; दोन्ही बाजूंना हातभर चुन्याची भिंत आत घेतली. कोऱ्या चुन्यावर सव्वाशे पिक्सेलची पायरी पडली तरी दिसत नाही. लाकडी कोरीव कामावर पाच पिक्सेलची दिसते.

बाकीच्या पाच खांबांनाही असंच केलं. दोन संध्याकाळी लागल्या. जमिनीवरच्या फरशीचे सांधे दोन ठिकाणी चुकले होते, तिथे जोड सावलीतून नेला. डावीकडची तुळई मात्र एकाही फोटोत पूर्ण नाही, तिच्यात बारीक पायरी अजून आहे आणि मी ती रंग लावून झाकली नाही. पोपटांची चोच चोचीत आहे, पंखाच्या रेघा मोजता येतात. छापून एक प्रत वाड्याच्या वारसांना पाठवली, एक ग्रामपंचायतीत लावली, आणि एक मिस्त्रीकाकांना नेऊन दिली. त्यांनी चष्मा लावून पाहिली आणि तिसऱ्या खांबावर बोट ठेवून म्हणाले, ‘हा थोडा उजवीकडे कलला होता, नाई का?’ कलला होताच. फोटोतही तो तसाच आहे.